टिपणं क्लाउडवर की आपल्याच संगणकावर? खर्चाचा हिशोब

एव्हरनोट हे टिपणांचं ॲप वर्षानुवर्षं फुकट वापरणाऱ्यांपुढे 2023 च्या डिसेंबरात नवा नियम आला: मोफत योजनेत 50 टिपणं आणि एकच वही. जुनं लिखाण वाचता येत होतं, बाहेरही काढता येत होतं. पण नवं टिपण करायचं तर पैसे भरा, नाहीतर जुनं कमी करा. कंपनी त्याच वर्षाच्या सुरुवातीला दुसऱ्या मालकाकडे गेली होती. म्हणून ॲप निवडताना आजच्या दराइतकंच, उद्या सोडून जायला काय पडेल हेही बघावं.

आधी क्लाउडचा हिशोब. नोशन एकट्या माणसाला फुकट चालतं, पण मोफत योजनेत एक फाइल 5 एमबीपेक्षा मोठी चालत नाही, आणि पानोपानी स्कॅन केलेला करारनामा ही मर्यादा सहज ओलांडतो. प्लस योजनेचा जाहीर दर, वर्षाचे पैसे एकदम भरल्यास, माणशी महिना 10 डॉलर. डॉलर 90 रुपयांचा धरला तर वर्षाला 10,800, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 12,744. पाच जणांच्या कार्यालयाला 63,720. बँक परकीय चलनाचा अधिभार लावते तो वेगळा. बऱ्याच कार्डांवर तो 2 ते 3.5 टक्के असतो. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना बँकेने किमान 24 तास आधी द्यायची असते. तो एसएमएस वाचा, कारण नको असलेलं नूतनीकरण तिथेच थांबवता येतं. 15,000 रुपयांपुढच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. तो चुकला तर ऐन कामात योजना बंद पडू शकते.

आता दुसरी बाजू. ऑब्सिडियन, जॉपलिन, लॉगसेक यांत लिखाण आधी तुमच्या संगणकावर साठतं. ऑब्सिडियन वैयक्तिक वापराला फुकट आहेच, 2025 पासून व्यवसायासाठीही परवाना विकत घ्यायची सक्ती नाही. ऑब्सिडियनमधली टिपणं साध्या मजकुराच्या फाइलींत राहतात. ॲप काढून टाकलं तरी नोटपॅडमध्ये उघडतात. खर्च येतो तो फोन आणि संगणक जुळवून ठेवण्याचा. ऑब्सिडियनची सिंक सेवा महिना 4 डॉलरपासून, म्हणजे कर सोडून वर्षाला 4,320 रुपये, आणि त्यात जागा 1 जीबी. ही जागा कमी वाटेल, पण देवनागरीचं एक अक्षरचिन्ह 3 बाइट घेतं. पाचशे शब्दांचं पान साधारण 9 केबी. शब्दांचीच पानं असतील तर 1 जीबीत लाखभर मावतात. जागा खातात ते फोटो आणि पीडीएफ, ते वेगळ्या फोल्डरात ठेवा. जॉपलिन तर तुमच्याच ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हमधून जुळतं, वेगळे पैसे न घेता.

मात्र इथे सांभाळायची जबाबदारी सगळी आपली. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी आग्रहाने सांगेन: फोनवर पुसलेलं टिपण संगणकावरूनही पुसलं जातं. आठवड्याला एकदा अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन चालू केलं तर पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो हरवला तर कंपनीलाही काही करता येत नाही.

पैसे भरण्याआधी एक परीक्षा घ्या. एका टिपणात जोडाक्षरांनी भरलेला परिच्छेद, एक तक्ता आणि एक फोटो टाका. ते एक्स्पोर्ट करा आणि इंटरनेट बंद करून उघडा. नोशनमधून मजकूर मार्कडाउनमध्ये आणि डेटाबेस सीएसव्हीमध्ये येतो, फाइलींच्या नावांमागे अक्षर-आकड्यांची लांब शेपटी लागते. सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडल्यावर देवनागरीऐवजी भलतीच चिन्हं दिसली तर घाबरू नका. ‘डेटा’मधून आयात करताना यूटीएफ-8 निवडा, मजकूर नीट दिसेल. टिपणांमधले दुवे चालतात का, फोटो जागेवर आहेत का, हेही बघा. मग अशीच दहा पानं करून बघा, आणि त्यांना जेवढा वेळ लागेल, त्यावरून हजार पानांचा अंदाज बांधा.

माझं मत स्पष्ट आहे. एकट्याने लिहिणाऱ्याने, मग तो संशोधक असो, अनुवादक असो की वकील, फाइली आपल्याकडेच ठेवाव्यात. अशिलांची किंवा रुग्णांची माहिती असेल तर संगणकाची डिस्कही कुलूपबंद हवी. पण एकाच पानावर चौघे एका वेळी लिहीत असतील तर क्लाउडचे पैसे वाजवी आहेत; फाइली मेलने फिरवून ‘अंतिम’, ‘अंतिम-2’ करत बसण्यात त्याहून जास्त पगार जातो. अशा कार्यालयाने महिनाअखेरीला एक्स्पोर्ट घ्यायचं काम कुणा एकाच्या नावावर लावून द्यावं.

गृहनिर्माण सोसायटी किंवा मंडळ असेल तर खातं सचिवांच्या खासगी जीमेलवर कधीच उघडू नका. संस्थेच्या नावाचा वेगळा ईमेल करा, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे असू द्या, आणि समिती बदलली की इतिवृत्ताच्या वहीबरोबर त्याचाही ताबा लेखी द्या.