तार कोणाची, रस्ता कोणाचा?

‘केबल आणि ब्रॉडबँड यांवर सरकारी नियंत्रण असावे काय?’ असा विषय यंदाच्या आमच्या वर्गाच्या वादविवादासाठी ठेवला होता. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझ्या वाट्याला विरोधी बाजू आली. नियंत्रण नको, हे मला पटवून द्यायचे होते. मी बोललेही, परंतु तयारीसाठी जे वाचले त्याने माझेच मत डळमळीत झाले. व्यासपीठावर जे सांगता आले नाही, ते येथे मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

या प्रश्नाची दीर्घ आणि कडाक्याची चर्चा अमेरिकेत झाली, म्हणून तिथपासून सुरुवात करणे सोयीचे. १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया, ऑरेगन अशा राज्यांतील काही गावांत दूरचित्रवाणीचे चित्र नीट दिसत नसे. तेव्हा कोणीतरी उंच जागी अँटेना उभारली आणि तारेने ते चित्र घरोघर पोचवले. ही केबलची सुरुवात. पण तार घरापर्यंत न्यायची तर ती सार्वजनिक रस्त्याच्या कडेने न्यावी लागते, आणि रस्ता गावाचा असतो. साहजिकच कंपनीला नगरपालिकेची परवानगी घ्यावी लागली. या परवानगीच्या कराराला तेथे ‘फ्रँचाइझ’ म्हणतात. नगरपालिकेने रस्ता वापरू द्यायचा आणि त्या बदल्यात कंपनीने काही अटी पाळायच्या, असा हा सरळ व्यवहार आहे.

१९८४ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून या व्यवहाराला चौकट घालून दिली. कंपनीच्या केबल उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून अधिक शुल्क नगरपालिकेने घेऊ नये, असे ठरले. नागरिकांसाठी, शिक्षणासाठी आणि स्थानिक कारभारासाठी काही वाहिन्या राखून ठेवण्याची अट घालण्याची मुभा नगरपालिकांना मिळाली. याच कायद्यातील एक कलम मला फार महत्त्वाचे वाटले. एखाद्या वस्तीतील लोकांचे उत्पन्न कमी आहे एवढ्या कारणाने त्यांना केबल नाकारली जाणार नाही, याची खात्री नगरपालिकेने करून घ्यावी, असे ते कलम सांगते.

आता विरोधी बाजू. ती मुळीच पोकळ नाही. पहिला मुद्दा भाषणस्वातंत्र्याचा. लॉस एंजेलिस शहराने एका भागात एकाच कंपनीला परवाना देण्याचे धोरण ठेवले, तेव्हा दुसऱ्या एका कंपनीने न्यायालयात धाव घेतली. वृत्तपत्र कोणी काढावे हे नगरपालिका ठरवत नाही, मग केबल कोणी चालवावी हे तिने का ठरवावे, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. १९८६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने केबलच्या व्यवसायात भाषणस्वातंत्र्याचा प्रश्न गुंतलेला आहे, हे मान्य केले. दुसरा मुद्दा मक्तेदारीचा. एकालाच परवाना दिला की सरकारच मक्तेदारीचे राखणदार बनते. तिसरा मुद्दा दरांचा. दर सरकारने ठरवायचे म्हटले की नियमांचे जंजाळ वाढते आणि कंपन्या त्यातून वाटा काढतात.

परंतु मोकळीक देऊन काय झाले, तेही पाहिले पाहिजे. १९८४ च्याच कायद्याने बहुतेक ठिकाणी दर मोकळे केले. दर भराभर चढले आणि ग्राहकांची ओरड झाली. १९९२ मध्ये दरांवर पुन्हा बंधन घालणारा कायदा संसदेने केला. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी तो नाकारला, तरी संसदेने त्यांचा नकार ओलांडून तो संमत केला. त्यांच्या कारकीर्दीत असे एवढ्या एकाच वेळी घडले. याच कायद्याने एकाच कंपनीला मक्ता देणारे नवे परवाने बंद केले. म्हणजे विरोधकांचा मक्तेदारीचा आक्षेप दूर केला तोही नियमानेच!

पुढे त्याच तारेतून इंटरनेट येऊ लागले आणि गुंता वाढला. पोर्टलंड शहराने केबल कंपनीला अट घातली, की तुमच्या तारेवरून इतर इंटरनेट कंपन्यांनाही सेवा देऊ द्या. २००० मध्ये न्यायालयाने ती अट रद्द केली. ही सेवा केबलची नसून दूरसंचाराची आहे, म्हणून केबलच्या परवान्यात अशी अट बसत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. २००२ मध्ये तेथील दळणवळण आयोगाने ही ‘माहिती सेवा’ ठरवली, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी आयोगाचा निर्णय उचलून धरला. २०१५ मध्ये आयोगाने ती दूरसंचार सेवा ठरवली, २०१७ मध्ये तो निर्णय फिरवला, २०२४ मध्ये पुन्हा पहिल्यावर आला आणि जानेवारी २०२५ मध्ये एका अपील न्यायालयाने तो रद्द केला. तार तीच, घर तेच; नाव मात्र दर सरकारागणिक बदलत राहिले.

हे वाचताना मला आमचे रान आठवत होते. आमच्या वस्तीत तीनच घरे आहेत. मी लहान असताना गावातला केबलवाला वडिलांकडे आला. “आण्णा, बांधावर दोन खांब रोवू द्या. पुढं कॉलनीत तार न्यायचीय. तुम्हालाबी देतो,” असे म्हणाला. वडील शाळेत गेलेले नाहीत. त्यांनी कागद मागितला नाही, रोवा म्हणाले. तार आमच्या डोक्यावरून कॉलनीत गेली. आमच्याकडे आली नाही. “तीन घरांसाठी परवडत नाही हो,” असे उत्तर मिळाले. पुढे त्याच खांबांवरून इंटरनेटची तार गेली. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी मोबाइलला रेंज मिळावी म्हणून फाट्यापर्यंत चालत जाई, आणि जाताना ती तार माझ्या डोक्यावर असे.

केबलवाला खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच परवडत नसेल. पण म्हणूनच हा प्रश्न एकट्या बाजारावर सोपवता येत नाही. फ्रँचाइझ म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा या बांधाने अधिक समजावले. जागा देताना तोंडी मिळालेले वचन कागदावर उतरवणे आणि ते पाळले जाते की नाही हे पाहणारा कोणी असणे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे १९९५ च्या कायद्याने केबलचालकाला नोंदणी सक्तीची केली. पण नोंदणी म्हणजे गावाशी केलेला करार नव्हे.

तेव्हा माझे मत असे. पडद्यावर काय दिसावे, यात सरकारने शक्य तितके कमी पडावे. दर तेथेच बांधावेत, जेथे ग्राहकाला दुसरा पर्याय नाही. मात्र जो सर्वांचा रस्ता वापरतो, त्याने शेवटच्या घराचे काय करणार हे आधी लिहून द्यावे. आणि जे त्याला परवडत नाही त्याचा भार कोणी उचलायचा, हेही त्याच कागदावर ठरावे.

वादविवादात मला दुसरा क्रमांक मिळाला. घरी सांगितले तेव्हा वडिलांनी विषय विचारला. मी सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग तू खांबावाल्याच्या बाजूनं बोललीस व्हय?” त्यांना त्या दिवशी उत्तर देता आले नाही. हा लेख मी त्यांना वाचून दाखवणार आहे.