अंगणातील सोबती

मुंबईच्या भांडुप उपनगराच्या पूर्वेस खाडी आहे, तर पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या अरण्यात बिबट्यांचा वास आहे.

डोंगरालगतच्या वस्तीत सुटीच्या दिवशी अंगणात शेगडी पेटते, कणसे व मासळी भाजली जाते आणि घरचा कुत्रा शेपूट हलवीत भोवती घुटमळतो. केवढे हे सुख! परंतु उरलेले अन्न उघड्यावर टाकले, की भटके कुत्रे जमतात. कुत्रा हे बिबट्याचे सहज मिळणारे भक्ष्य. त्यामुळे त्यांच्या मागोमाग तोही वस्तीपाशी येतो. यात दोष बिबट्याचा नव्हे.

म्हणून सुज्ञ गृहस्थ उष्टे-खरकटे झाकणाच्या डब्यात टाकतो व दिवेलागणीस कुत्र्याला घरात घेतो. मुक्या सोबत्याचे रक्षण करणे, हीच त्याच्या प्रेमाची खरी परतफेड होय.