अठरा हजारांचा हिशेब

अगं, काल फोनवर किती खुशीत होतीस! म्हाळुंग्याच्या कंपनीत लागलीस, मोशीच्या चौकातून गाडी न्यायला येणार, ठेकेदार महिन्याला 18 हजार देणार. पेढे खाल्ले मी. आता जरा बस माझ्याजवळ.

ड्युटी किती तासांची म्हणालीस? बारा. मेख तिथेच आहे. वरचे चार तास ओव्हरटाइमचे, आणि त्याचा दर दुप्पट. म्हणजे चाराचे झाले आठ. रोज तुला सोळा तासांचे पैसे मिळायला हवेत. अठरा हजार त्यात वाटले, तर आठ तासांच्या पाळीला महिन्याचे पडतात नऊ हजार! हा आकडा किमान वेतनाच्या तक्त्याशी लावून बघ, अठराचा नव्हे.

तक्ता कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर असतो. मूळ वेतन अधिक विशेष भत्ता. तू कुशल, अर्धकुशल की अकुशल, आणि कारखाना कोणत्या परिमंडळात, त्यावर दर ठरतो. भत्ता महागाईच्या निर्देशांकाला बांधलेला, म्हणून आपल्याकडे जानेवारीत आणि जुलैत बदलतो. त्या दोन महिन्यांनंतर पगार जागचा हलला नाही, तर विचारायचं.

आता माझी गोष्ट. भोसरीत लागले तेव्हा पगार खात्यात पूर्ण यायचा, पण एटीएम कार्ड मुकादमाकडे. तो पैसे काढायचा आणि ठरलेलेच हातावर ठेवायचा. तपासणीला आलेल्या साहेबांना सगळं चोख दिसलं. दिसणारच, कागद चोखच होते. आम्ही बायका गप्प राहिलो. ती चूक तू करू नकोस.

कायदा तसा तुझ्या बाजूचा आहे. 1948 चा किमान वेतन कायदा जाऊन 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता आली. पूर्वी थकलेल्या पैशाचा दावा सहा महिन्यांत लावावा लागे, आता तीन वर्षांची मुदत आहे. ठेकेदाराने पैसे बुडवले तर कंपनीने द्यायचे. ‘कमी पगार चालेल’ असं तुझ्याकडून लिहून घेतलं, तरी त्या कागदाला किंमत नाही. पगार दिला हे सिद्ध करायचं ओझंही मालकावरच. पण बघ हं, खात्यात पूर्ण रक्कम दिसली की त्याचा पुरावा आयता तयार! म्हणून कार्ड आणि पिन कुणाच्या हाती द्यायचा नाही, मुकादम कितीही ‘ताई, ताई’ करू दे.

पगाराची चिठ्ठी दर महिन्याला माग. पीएफ कापतात ना? मग पासबुकात जमा होतोय का, मोबाइलवर बघ. आणि तक्रारीची वेळ आलीच, तर पुण्यात शिवाजीनगरला अपर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. एकटी जाऊ नकोस. एकटीला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवतात, चौघीजणींना पाठवताना विचार करतात.

सध्या एवढंच कर. एक वही घे. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. आज रात्रीपासून लिही.