दातावरून शार्कची ओळख : एक अभ्यास

लासलगाव परिसरातील काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून घडला आहे. शार्कचे जीवाश्म शोधण्याची ही जागा नव्हे. त्यासाठी गडचिरोलीच्या सीमेवरील प्राणहिता नदी ओलांडून तेलंगणातील मालेरी गावाच्या परिसरात जावे लागते. तेथील लाल मातीचे थर ट्रायासिक कालखंडाच्या उत्तरार्धातील, म्हणजे वीस कोटी वर्षांहून जुने आहेत. नद्या व तळी यांच्या गाळातून ते तयार झाले. गोड्या पाण्यात राहणाऱ्या एका लुप्त शार्कचे सुटे दात या थरांत मिळाले.

दातच का मिळतात? शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. मृत्यूनंतर तो सहसा टिकत नाही. दात मात्र अतिशय कठीण असतात. शिवाय ते आयुष्यभर पडतात व नवे येतात. त्यामुळे अनेक लुप्त शार्कांचा इतिहास दातांवरूनच लिहावा लागतो.

मालेरीच्या दातांचा अभ्यास करून एस. एल. जैन यांनी १९८० मध्ये या प्राण्यास ‘झेनाकँथस इंडिकस’ हे नाव दिले. दाताच्या दोन बाजूंना दोन मोठे सुळके व मध्ये एक लहान सुळका, ही या गटाची खूण होय. गट ओळखणे त्यामानाने सोपे. जाती निश्चित करणे अवघड. एकाच जबड्यातील पुढचे व मागचे दात, तसेच पिल्लाचे व प्रौढाचे दात भिन्न दिसू शकतात. एकाच दातावरून निवाडा केल्यास एका प्राण्याच्या दोन जाती कल्पिल्या जाण्याचा धोका असतो. म्हणून अनेक दात शेजारी ठेवून सुळक्यांची उंची, त्यांवरील बारीक कंगोरे व तळाचा आकार पडताळतात.

पुढील संशोधकांनी अशीच तुलना करून ही जाती ‘मूरिओडोन्टस’ या प्रजातीत समाविष्ट केली. प्रजातीचे नाव बदलले. ‘इंडिकस’ हे जातिनाम नियमानुसार कायम राहिले. पहिल्या संशोधकाचे श्रम यामुळे वाया गेले नाहीत. त्याच पायावर पुढची पायरी रचली गेली.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही रीत परिचित आहे. नवे नाणे वा शिलालेख सापडला की जुना निष्कर्ष पुन्हा तपासावा लागतो. जीवशास्त्रातील ‘जाती’ पुराव्याने ठरते आणि पुराव्यानेच दुरुस्त होते. समाजाने माणसाला जन्मतः चिकटवलेल्या जातीला मात्र असा कोणताही पुरावा नाही. शब्द एक असला, तरी हा भेद मुलांना स्पष्ट सांगितला पाहिजे. पालकांनी घरी मुलांच्या मुखी एक प्रश्न रुजवावा : “हे कशावरून?”