शाईविना सही : सात-बारा आणि डिजिटल स्वाक्षरी

ठाण्यातील खोपटच्या एस.टी. आगारात उतरून कचेरीकडे निघणाऱ्या ग्रामीण खातेदाराच्या पिशवीत पूर्वी तलाठ्याच्या सही-शिक्क्याचा सात-बारा असे. शिक्का पुसट उमटला असल्यास त्यास परत फिरावे लागे. १ मे २०१८ पासून राज्य शासनाने डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उपलब्ध करून दिला. हा उतारा संगणकावरून मिळतो व त्यावर शाईचा थेंबही नसतो. मग त्यावर विश्वास कोणत्या आधारे ठेवावयाचा, हा प्रश्न तो स्वीकारणाऱ्या प्रत्येक कार्यालयापुढे आहे.

स्वाक्षरी करताना संगणक प्रथम संपूर्ण दस्तऐवजावरून एक ठराविक लांबीची संख्या काढतो. तिला त्या दस्तऐवजाचा ठसा म्हणता येईल. ०.४० हेक्टरचे ०.४१ केले तरी ठसा पार बदलतो. या ठशावर अधिकाऱ्याच्या खाजगी किल्लीने गणिती प्रक्रिया केली की स्वाक्षरी तयार होते, आणि तिच्या जोडीची सार्वजनिक किल्ली वापरून ती कोणालाही तपासता येते. हाताची सही सर्व कागदांवर सारखी असावी लागते. ही मात्र दर दस्तऐवजास निराळी असते. म्हणूनच ती एका उताऱ्यावरून उचलून दुसऱ्यावर चिकटविता येत नाही. सार्वजनिक किल्ली कोणाची, याची ग्वाही माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये परवाना मिळालेली प्रमाणन प्राधिकरणे देतात.

रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघांनी १९७७ साली मांडलेली 'आरएसए' पद्धत प्रचंड संख्येचे अवयव पाडण्याच्या अवघडपणावर उभी आहे. २०४८ बिटांच्या किल्लीने तिची स्वाक्षरी २५६ बाइट भरते. सही करण्यास श्रम अधिक, तपासणी मात्र झटपट. एकदा सही होऊन अनेकदा तपासल्या जाणाऱ्या उताऱ्यास हे सोयीचेच म्हणावे लागेल. लंबवर्तुळी वक्रांवरील पद्धतीची स्वाक्षरी अवघी ६४ बाइटची व सही करणे जलद. परंतु तीत दर सहीस नवी यादृच्छिक संख्या लागते. सोनी कंपनीच्या खेळयंत्रात तीच संख्या पुन्हा वापरली गेल्याने २०१० मध्ये खाजगी किल्लीच उघडी पडली.

जमिनीचा कागद पिढ्यान् पिढ्या टिकावा लागतो. पुरेसे मोठे क्वांटम संगणक निर्माण झाल्यास या दोन्ही पद्धती मोडतील, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखविले. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धती प्रमाणित केल्या. त्यांपैकी 'एमएल-डीएसए'ची लहानात लहान स्वाक्षरीही २४२० बाइटची, म्हणजे 'आरएसए'च्या सुमारे साडेनऊपट आहे. लक्षावधी उताऱ्यांच्या साठवणुकीत हा भार जाणवल्याशिवाय राहणार नाही.

तथापि गणित मोडण्याआधी माणसाची सवयच मोडते. ई-ग्रामस्वराज प्रणालीतून ग्रामपंचायतीची देयके सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीने अदा होतात. स्वाक्षरीचे टोकन आणि त्याचा पिन दोन्ही संगणकचालकाच्या खणात राहिले, तर तो सही करू शकतो आणि जबाबदारी मात्र धारकावर येते. खाजगी किल्लीवर ताबा राखणे व ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणन प्राधिकरणास विनाविलंब कळविणे, हे अधिनियमाच्या कलम ४२ नुसार धारकाचे कर्तव्य आहे.

आणखी एक गैरसमज कचेऱ्यांत आढळतो. संगणकावर उतारा उघडला की कधी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि उतारा खोटा ठरविला जातो. वास्तविक, भारताच्या प्रमाणन नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र त्या संगणकातील प्रणालीस विश्वसनीय म्हणून नोंदवून दिलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ बहुधा असतो. उलट, छापील प्रतीवरील हिरवी खूण हे केवळ चित्र होय. ते कोणासही छापता येते. स्वाक्षरी संगणकीय प्रतीत असते, छापील कागदावर नव्हे. म्हणून छापील उतारा हाती आल्यास त्यावरील पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर घालून मूळ प्रत उघडावी आणि गट क्रमांक, क्षेत्र व खातेदारांची नावे तिच्याशी ताडून पाहावीत.