एकाला हात लावला की सगळेच बदलतात

प्रश्न : वर्डमध्ये दिवाळी अंकाचा मजकूर लावतेय. एक परिच्छेद मधोमध घेतला की त्याच स्टाइलचे बाकीचे सगळे मधोमध जातात. फाइल बिघडली का?

उत्तर : फाइल धडधाकट आहे, ताई. स्टाइलच्या नावावर राइट क्लिक करून ‘मॉडिफाय’ उघडा. खाली ‘ऑटोमॅटिकली अपडेट’पुढे टिकमार्क दिसेल. तो असला की एका परिच्छेदातला बदल वर्ड थेट स्टाइलमध्येच नोंदवतं. टिकमार्क काढा आणि तिथेच अलाइनमेंट पूर्ववत करा, कारण स्टाइल एव्हाना बदललेली आहे. ही सोय कुणाच्या कामाची, हे मला अजून कळलेलं नाही!

तरीही एखादा परिच्छेद हटून बसला, तर त्यात कर्सर ठेवून कंट्रोल-क्यू दाबा. हाताने दिलेले इंडेंट, अंतर निघून जाईल. अक्षरांचा ठळकपणा किंवा आकार चिकटला असेल, तर मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल-स्पेसबार.

आणि स्टाइलमध्ये फॉन्ट बदलूनही मराठी अक्षरं ढिम्म राहिली, तर मॉडिफाय, फॉरमॅट, फॉन्ट असं जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा रकाना बघा. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथून ठरतो. वरचा रकाना रोमन अक्षरांचा.