जलसंजीवनीत साखर कशासाठी?

‘डॉक्टर, पाणी दिलं की जुलाब वाढतात, म्हणून बंद केलं,’ असे सांगत आई सुकलेले मूल पुढे करते. नुसते पाणी अंगी लागत नाही, हे खरे. पण आतड्यातील पेशींच्या आवरणात मीठ व साखरेतील ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेणारे दार असते. जुलाबातही ते बहुधा शाबूत राहते. ही जोडी आत शिरली की मागोमाग पाणी ओढले जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनोबीस यांनी याच पाण्यावर पटकीचे हजारो रोगी सावरले.

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. गोडीसाठी साखर वाढवू नये (आज्या हमखास वाढवतात!), जादा साखर शरीरातले पाणी उलट आतड्यात खेचते. मूल गुंगले किंवा लघवी थांबली, तर मात्र तडक दवाखाना गाठावा.